समोर मोकळं आहे

मनकर्णाबाईंनी शेवटचं लिंबू हातात घेतलं, पदर कमरेला खोचला आणि गाडीच्या समोर खाली बसल्या. स्टिअरिंगमागून हिमानीला आधी त्यांचा डोक्यावरचा पदर दिसला, मग नुसतं बॉनेट. काळं, रुंद, ओट्यासारखं सपाट. त्यावर काढलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकापलीकडे एकदम गल्लीच्या टोकाचा विजेचा खांब. मधली जमीन नव्हतीच.

तिने ब्रेक आणखी दाबला. इंजिन चालू होतं. तिच्या नवऱ्याने, रितेशने मघाशी खिडकीतून वाकून गिअरही टाकून ठेवला होता. “तुला फक्त पाय उचलायचा आहे,” तो म्हणाला होता. “गाडी आपोआप सरकेल. लिंबं चिरडली की झालं.”

पहिला मान सुनेचा, असं सासऱ्यांनी शोरूममध्येच ठरवलं होतं. तेव्हा हिमानीला ते आवडलं होतं.

सासूबाई उजव्या बाजूने पुन्हा उगवल्या, हात झटकत घराच्या पायरीकडे गेल्या. तिथे, गाडीच्या मागच्या दाराशी, सगळे दाटीवाटीने उभे होते. सिंधीपुऱ्याच्या त्या गल्लीत गाडी शिरल्यावर माणसांना तेवढीच जागा उरली होती. नणंद प्राजक्ता मोबाईल धरून चाकाचं शूटिंग करत होती. समोरच्या घरातले वामनकाका आपल्या ओट्यावर बसून मजा बघत होते.

“शालिग्रामभाऊ, गाडी घेतली का रणगाडा?” त्यांनी हाक दिली. “आरसा माझ्या ओट्याच्या खांबाला लागतोय.”

“एकदा पावसात धूलकोटच्या शेतावर चल माझ्याबरोबर,” सासरे म्हणाले. “मागच्या साली छोटी गाडी चिखलात बसली, तर संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टरची वाट बघितली. ही गरज आहे, वामन. शौक नाही.”

“थोडा शौक पण आहे, काका,” रितेश हसला. “खोटं कशाला बोलायचं?”

“मग शेतावर ठेवा ना ती. इथं काय केळी लावलीत?”

सगळे हसले. काचा बंद असल्यामुळे ते हसू हिमानीला पाण्याखालून आल्यासारखं वाटलं. तिने खिडकी खाली केली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की पैंजणांचा आवाज येत नाही.

नारळ फुटला तेव्हा तो येत होता. प्राजक्ताची तीन वर्षांची चारू खोबऱ्याच्या तुकड्यासाठी हट्ट करत होती. नारळ गाडीच्या पुढ्यातच फोडला होता. तुकडे तिथेच पडले असणार.

“चारू कुठंय?”

“आईजवळ आहे,” प्राजक्ता मोबाईलमधून नजर न काढता म्हणाली.

“माझ्याजवळ कुठं? तुझ्याजवळ होती ना गं?”

“असेल इथंच कुठंतरी. चल बहू, मुहूर्त टळतोय,” सासरे म्हणाले.

हिमानीने ब्रेकवरचा पाय घट्ट रोवला. शाळेत ती मुलांना फळ्यावर काढून दाखवायची: नजर सरळ रेषेत जाते, कडेवरून वळून खाली उतरत नाही. डोळ्यापासून बॉनेटच्या कडेपर्यंत एक रेषा, आणि ती पुढे जमिनीला टेकेपर्यंत तिच्याखाली सगळा अंधार. त्या अंधारात तीन वर्षांचं पोर उभं राहिलं तरी मावेल. खोबरं वेचायला खाली बसलं असेल तर दिसायचा प्रश्नच नाही.

पाय घसरला तर? नुसता थरथरला तर?

तिने गिअर काढला, हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली, चावी काढली. मग उतरून पुढे गेली.

समोर कोणी नव्हतं. ओली जमीन, करवंटी, खोबऱ्याचे दोन तुकडे.

“इथं आहे तुमची चारू,” वामनकाकांनी खांबाआडून पोरीला पुढे ओढलं. तिचे दोन्ही गाल खोबऱ्याने फुगले होते. “सूनबाई, गाडी चालवायची आहे का हजेरी घ्यायची आहे?”

“सायन्सवाली आहे, काका,” रितेश म्हणाला. “पहले प्रयोग, फिर विश्वास. हो बाजूला, मी घेतो.”

तो हसत आत चढला. सगळ्यांची तोंडं पुन्हा मागच्या चाकाकडे वळली होती. हिमानी गाडीच्या पुढ्यात गेली आणि सासूबाई बसल्या होत्या तिथेच खाली बसली.

इथून आकाश दिसत नव्हतं. लोखंडी जाळी डोक्याच्याही वर गेली होती. आतून गरम हवेचा झोत तोंडावर येत होता आणि तापलेलं इंजिन टिक टिक करत होतं.

दार बंद झालं. सीट मागे सरकल्याचा आवाज आला.

“हिमानी कुठं गेली?” रितेशचा आवाज, वरून.

“आत गेली असेल. रुसली,” प्राजक्ता म्हणाली.

“समजूत नंतर काढ. घे तू,” सासरे म्हणाले.

“समोर मोकळं आहे. घेऊ?”

“घे, घे.”

हिमानीने डोळे मिटले. चावी मुठीत होती, तिला माहीत होतं. तरीही तिने मूठ आणखी आवळली.

“अरे, चावी?” रितेश म्हणाला. “चावी कुठंय?”

“माझ्याकडं.”

रितेशने दोन्ही आरशांत पाहिलं.

“तू आहेस कुठं?”

“तुझ्यासमोर.”

दार उघडलं. रितेश पुढे आला, तिला पाहून थबकला. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा वळून त्या उंच सीटकडे. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पण त्यात आता काही नव्हतं. त्याच्यामागून प्राजक्ता आली. तिने मोबाईल खाली केला, पळत जाऊन चारूला ओट्यावरून उचललं आणि छातीशी इतकं आवळलं की पोर रडायला लागली. सासरे बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, मग तो हात त्यांनी काढून घेतला.

सगळ्यांत शेवटी मनकर्णाबाई आल्या. त्यांनी ओल्या जमिनीकडे पाहिलं. त्यांच्याच बोटांचं कुंकू तिथे लागलं होतं.

“मघाशी मी इथंच बसले होते ना गं?”

“हो, आई.”

“तेव्हा मी दिसत होते का तुला?”

हिमानी उठून उभी राहिली.

“माझा पाय ब्रेकवर होता,” ती म्हणाली.

मनकर्णाबाईंनी तिच्या उजव्या पायाकडे पाहिलं. तो अजून जमिनीवर घट्ट दाबलेला होता.