वाढत्या अंगाचं कार्ड

मास्तरांच्या दुकानातून आजवर एकही कपडा मापाचा बाहेर पडला नव्हता. शिवणकाम येत नव्हतं असं नाही. हात असा की शिलाई शोधावी लागे. पण माणूस आज आहे तेवढाच उद्या राहील, यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. साठीच्या गिऱ्हाइकालासुद्धा ते वाढत्या अंगाची पँट शिवत. कुणी कुरकुर केलीच तर म्हणत, "उसवायला जागा असली की माणूस निर्धास्त जेवतो."

अशा माणसाने गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचं काढलं, तेव्हा गल्लीला वाटलं, मास्तरांना चळ लागला. कारण साधं होतं. मुलगी नोकरीसाठी दूर गेली होती आणि फोनवर बापलेकीचं बोलणं चाळीस सेकंदांत आटपायचं. दोघंही अबोल, एक गप्प बसला की दुसरा त्याच्यावर ताण करायचा. मग एकदा तीच म्हणाली, "रविवारी पाच वाजता मी गेममध्ये असते. तिथे घर बांधतेय. यायचं तर या." हे बोलावणं हुकलं तर दुसरं येणार नाही, याची मास्तरांना खात्री होती, कारण मुलगी त्यांच्यावरच गेली होती. शुक्रवारी सकाळी त्यांनी शिलाई मशीनवर झाकण घातलं आणि साठवलेले पैसे घेऊन कॉम्प्युटरवाल्याचं दुकान गाठलं. लगाम म्हणून मास्तरीणबाई सोबत होत्या.

कॉम्प्युटरवाल्याने काचेवर तीन ग्राफिक्स कार्डं मांडली.

"गेममधलं चित्र हे कार्ड काढतं. तुमच्या मुलीचा गेम साधा आहे, हे छोटं कार्ड त्याला भरपूर झालं. उरलेल्या पैशांत बाकी सगळं बसतं."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. तिन्ही कार्डांची लांबी घेतली, रुंदी घेतली, जाडी घेतली आणि छोट्या कार्डाकडे उपाशी पोराकडे बघावं तसं बघितलं.

"आज पुरेल हो. उद्या?"

"मास्तर, कार्ड वाढत नाही."

"आणि गेम?"

गेम दरवर्षी वाढतात हे खरंच होतं, आणि पंधरा वर्षं कॉम्प्युटरवाला हेच सांगून लोकांच्या गळ्यात मोठी कार्डं मारत आला होता. आज जन्मात पहिल्यांदा प्रामाणिकपणा करायला गेला, तर ही गत.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, मास्तर," तो काकुळतीला आला.

"ते गादीवाल्यांचं. आम्ही आधी पाय मोजतो."

आणि त्यांनी सर्वांत मोठं कार्ड उचललं. तीन पंख्यांचं, विटेएवढं जाड. "आता ट्रायल घेऊ. नुसते कच्चे टाके घाला." नुसतं बसवून बघितल्यावर कळलं की कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यातून चार बोटं बाहेर राहतंय.

"नाकापेक्षा मोती जड," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग नाक उसवू."

मास्तरांनी डब्याच्या पत्र्यावर खडूने रेघ मारली आणि कॉम्प्युटरवाल्याने, आपण हे का करतोय ते न कळता, रेघेवर पत्रा कापला. बाहेर आलेल्या भागावर मास्तरांनी रेक्झिनची झडप शिवली. मास्तरीणबाईंना काही पटलेलं नव्हतं, पण उघडी झडप त्यांना बघवेना. त्यांनी काजं करून दोन बटणं लावली. एवढ्या कार्डाला वीज पुरवायची तर वीजपुरवठ्याचा डबाही थोरला लागला. मग कॉम्प्युटरवाल्याने हिशेब केला आणि डोक्याला हात लावला.

"मॉनिटरला पैसेच उरले नाहीत."

"ते बाहेरचं झालं," मास्तर शांतपणे म्हणाले. "कोटाला आधी आतलं अस्तर. वरचं कापड पुढच्या महिन्यात बघू."

"अहो, पण दिसणार काय?"

मास्तर टेप गळ्यात अडकवून निघायला उठले. दुकानातला मॉनिटर उसना मागायची सोय नव्हती. मास्तरांनी आयुष्यात कुणाकडून सुईसुद्धा उसनी आणलेली नव्हती. घरच्या जुन्या टीव्हीला ही वायर बसणार नव्हती. शेवटी कॉम्प्युटरवाल्याने दुकानातच सगळं जुळवून दिलं: बटण दाबलं की गेम आपोआप उघडेल आणि मास्तरांना थेट मुलीच्या गावात नेऊन उभं करेल. कळफलकावर चालायची चार बटणं मास्तरीणबाईंनी खडूने खुणावली. वर कॉम्प्युटरवाल्याने एक माइकवाला हेडफोन फुकट दिला, बहुधा मनाच्या टोचणीने.

रविवारी पाचला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून मोकळ्या भिंतीसमोर बसले. बटण दाबलं. तिन्ही पंखे फिरले, झडप फडफडली, आणि बाजारातलं सगळ्यात मोठं कार्ड कुणालाही न दिसणारं चित्र जीव तोडून काढू लागलं.

"बाबा? आलात?"

"आलो. पण मला काही दिसत नाही."

मास्तरांनी सगळी हकिकत सांगितली. ती हसायलाच लागली.

"बरं, ऐका. तुम्ही झाडाकडे तोंड करून उभे आहात. डावीकडे वळा. आणखी. आता चाला. थांबा, थांबा, पुढे विहीर आहे!"

मास्तर विहिरीत पडले. तिने दोर सोडून वर काढलं. मग वाटेतलं कुंपण सांगितलं, पूल सांगितला, पाण्यात ऊन कसं पडलंय ते सांगितलं. बोलता बोलता ऑफिसातल्या खडूस साहेबिणीवर घसरली, तिथून घरमालकिणीवर, आणि पहिले चार महिने रोज रडू यायचं, तेही सांगून गेली. मास्तर फक्त हुंकार भरत होते. मास्तरीणबाई हेडफोनच्या दुसऱ्या कानाला कान लावून बसल्या होत्या. सात वाजून गेले.

"बाबा, पगार झाला की मी मॉनिटर पाठवते हं."

"नको."

"का?"

"मला दिसायला लागलं, तर तू सांगशील कशाला?"

मास्तरीणबाई पदराने डोळे पुसत होत्या.

"उजवीकडे वळा, बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "आता सरळ या. तीन पायऱ्या आहेत. मी दारातच उभी आहे."