दोन बोल्ट

दामाजीने दुसरा बोल्ट बोटांनीच फिरवत बाहेर काढला, पेट्रोलचा पंप इंजिनापासून अलगद सुटा केला आणि त्यातून ओघळणारं पेट्रोल वाटीत धरलं. उघड्या बॉनेटखाली तो कमरेत वाकून उभा होता. मागे अंगणात शेवंती मासळीची टोपली धुऊन उपडी घालत होती.

पंप फडक्यावर ठेवून त्याने दोन्ही बोल्टना ग्रीसचं बोट लावलं आणि ते पुन्हा त्यांच्या भोकांत फिरवून बसवले. तिथे आता धरून ठेवायला काही नव्हतं. पण भोकं उघडी राहिली की बाळकुमच्या खाडीवरचा खारा वारा आत शिरतो, आटे गंजतात, आणि परत आलेला पंप बसत नाही. दर बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी तो हे असंच करत आला होता.

गुरुवारी आणि सोमवारी फारसं कुणी मासळी खात नाही. त्या दिवशी दामाजीची गाडी उभी असायची, आणि पंप ठाकुर्लीला उत्तमच्या गाडीत काम करायचा. दोघांच्याही गाड्या मल्हार, आणि दुसऱ्या कुठल्या कंपनीचा पंप मल्हारला चालत नसे. त्याचा दांडा आत पोचतच नसे.

ठाण्यात मल्हार पिकअपचा कारखाना निघाला तेव्हा पहिल्या लॉटमधली गाडी दामाजीने घेतली होती. बॉनेटवर झेंडूचा हार, मागे गावातल्या बायकांच्या वीस टोपल्या, आणि कशेळीच्या पुलावरून थेट कल्याणचा बाजार. पुढे पाच-सहा वर्षं जिकडे बघावं तिकडे मल्हार होती. भाजीवाले, बर्फवाले, मांडववाले, सगळ्यांकडे. मग डिझेलच्या हलक्या गाड्या आल्या. मल्हार पेट्रोल पीत होती. मागणी आटली, पाळ्या कमी झाल्या, आणि नव्वद साली फाटकाला कुलूप लागलं. उत्तम तिथे फिटर होता. थकलेल्या पगाराऐवजी कामगारांना शेडमधल्या अर्धवट गाड्या मिळाल्या. त्याला मिळाली ती शेवटची. तिला पंप बसलाच नव्हता. पंप पुरवणाऱ्याने माल पाठवणं आधीच बंद केलं होतं.

तेव्हापासून दोन गाड्यांत हा एकच पंप फिरत होता. त्याला आता सहा वर्षं होत आली होती.

"आयलास? बस. चाय ठेवते," शेवंती म्हणाली.

उत्तम बसला नाही. खांद्याला डब्याची पिशवी अडकवून तो तिच्यामागे पाण्याच्या पिंपापर्यंत गेला.

"काकी, एक बोलायचं होतं. काकांना तुम्हीच सांगा. माझी तर जीभ उचलत नाही."

"काय झालं?"

"डोंबिवलीच्या खानावळवाल्यांनी भाजी आणायचं काम दिलंय. पण रोजचं. शनिवारपर्यंत हो म्हणायचंय. नाही म्हटलं तर दुसरा टेम्पोवाला तयारच आहे."

शेवंतीने पिंपावरचं झाकण सरळ केलं.

"म्हंजे पंप परत येयाचा नाय."

"नवा मिळतो का बघून आलो ना. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे दोनदा गेलेलो. मल्हार म्हटलं की हसतात."

तो आवाज खाली ठेवून बोलत होता, पण अंगण केवढंसं. बॉनेटखालून येणारा फडक्याचा आवाज थांबला होता.

शेवंतीने आधण ठेवलं. सकाळीच बाजारात शेजारी मासळी विकणारी मनुबाई तिला सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आयली गो महाराणी! एका टोपलीला चार चाकां! आमच्या टोपलीला आपली दोन पायांची गाडी." बायका हसल्या होत्या. शेवंतीही हसली होती. दामाजी तेव्हा मागची फळी लावत होता. वीस टोपल्यांच्या हौद्यात एकच टोपली घसरत राहते, म्हणून तो ती दोरीने बांधून आणायचा. खाडीत आता तेवढंच मिळत होतं. दोघांपैकी कुणीही हे बोलून दाखवलं नव्हतं.

ती चहा घेऊन गाडीपाशी गेली.

"अवो…"

"काय?"

"काय नाय. चाय झाली."

दामाजीने उभ्यानेच चहा संपवला. कप मडगार्डवर ठेवून त्याने पाना उचलला आणि तो पुन्हा बॉनेटखाली वाकला. शेवंतीला वाटलं, बोल्ट नीट बसले नसतील. मग तिने त्याची बोटं उलटी फिरताना पाहिली.

त्याने दोन्ही बोल्ट पुसले, पंपाशेजारी ठेवले आणि फडक्याला गाठ मारली.

उत्तमने पुडकं हातात घेतलं. आत काहीतरी खुळखुळलं.

"काका, बोल्ट यात आलेत."

"हां."

"माझ्याकडे माझे आहेत ना."

"असू दे. कवातरी झिजतील. बाजारात मिलनार नाय."

उत्तम पुडकं धरून तसाच उभा राहिला. त्याने शेवंतीकडे पाहिलं. ती कप उचलत होती.

"शुक्रवारी पहाटे आणतो मग," तो म्हणाला.

"आन," दामाजी दर बुधवारसारखाच म्हणाला. "आता निघ. अंधार पडंल."

उत्तम नाक्याच्या दिशेने दिसेनासा होईपर्यंत दामाजी बॉनेट धरून उभा होता. मग त्याने ते हळूच खाली टेकवलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबून बंद केलं. हात धोतराला पुसत तो अंगणात आला. उपडी टोपली त्याने उचलली, वजन बघितल्यासारखी दोनदा वरखाली केली.

"शेवंते, परवा सकालची पयली बस कवा गो?"

"तुमाला कशाला?"

"टोपली नाक्यापर्यंत मी आनीन."

शेवंतीने कप तसेच पायरीवर ठेवले आणि त्याच्या हातातून टोपली घेतली.

"ओली हाय अजून," ती म्हणाली, आणि टोपली पुन्हा उपडी घातली.