धक्के मारण्याआधी विचारलं असतं तर

"काय हो ट्रकआजोबा, तुमचं नेमकं दुखतंय तरी कुठे?"

मित्रांनो, हा प्रश्न एका मुलीने मला भर सकाळी, अंगणात, बॉनेटवर टकटक करून विचारला. कुंपणाच्या भिंतीवर तिच्या तीन मैत्रिणी बसल्या होत्या. हिंमत असेल तर मोठ्याने विचारून दाखव, अशी पैज त्यांनीच लावली होती. तिने विचारलं आणि तिघी हसून हसून भिंतीवरून पडायच्याच बाकी राहिल्या. मला मात्र हसू आलं नाही. गेल्या दोन महिन्यांत मला हे विचारणारी ती पहिलीच होती!

मी एक जुना डिझेल ट्रक आहे. जुना म्हणालो, निकामी नाही म्हणालो. हा फरक नीट ध्यानात ठेवा.

बावीस वर्षांपूर्वी कारखान्यातून बाहेर पडलो, तेव्हा माझा रंग इतका चकचकीत होता की मालक माझ्या दारात बघून भांग पाडायचे. मालक म्हणजे या मुलीचे बाबा. मी विटा वाहिल्या, फरशा वाहिल्या, घर बदलणाऱ्यांची कपाटं आणि त्यांच्या काळज्याही वाहिल्या. ही मुलगी ज्या शाळेत जाते तिथले बाक मीच आणले, एकाचाही कोपरा फुटला नाही. तेव्हा मालक माझ्या मडगार्डवर थाप मारून म्हणायचे, "वाघ आहे माझा!" मुलगी लहानपणी माझ्या हॉर्नवरचा हात काढायचीच नाही, म्हणून घरात तिचं नाव पडलं भोंगा. आता ती नववीत आहे आणि तिला हॉर्नची गरज उरलेली नाही.

मग दोन महिन्यांपूर्वी मी सकाळी सुरू होईनासा झालो. झालं! बावीस वर्षांचं कौतुक एका सकाळीत संपलं.

"बॅटरी गेली," मालक म्हणाले. नवी बॅटरी आली. "स्टार्टर गेला," मिस्त्री म्हणाला आणि धडधाकट स्टार्टर खोलून बसला. अहो, तो स्टार्टर इंजिन गरागरा फिरवत होता, कान कुठे ठेवले होते तुम्ही? रोज सकाळी मला दुसऱ्या ट्रकला दोराने बांधून रस्त्याच्या टोकापर्यंत फरफटत नेत. सगळी गल्ली बघायची. टोकाला पोचलो की मी सुरू व्हायचो. दुपारी माल उतरवून निघताना तर एका किल्लीत! मग रात्रभर अंगणात उभा राहिल्यावरच हे का होतं? हा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही. शेवटी एकदा ओढूनही मी सुरू झालो नाही, तेव्हा मिस्त्रीने हात पुसत निकाल दिला, "इंजिनच बसलं. भंगारात घाला."

चार शब्द! बावीस वर्षांच्या चाकरीला चार शब्द! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. भंगारवाला शनिवारी दुपारी मला न्यायला येणार होता. भोंगाने मला प्रश्न विचारला, तो हाच शनिवार.

मैत्रिणी घरी गेल्या. भोंगा मात्र तिथेच उभी राहिली. मग तिने हाक मारली, "बाबा, एकदाच किल्ली फिरवा. मी मागे थांबते."

"तू काय बघणार आहेस तिथे?"

"बघितल्यावर सांगते ना!"

किल्ली फिरली. मी घुर्र घुर्र केलं. भोंगा सायलेन्सरपाशी वाकली होती.

"बाबा, धूरच नाही! एक रेघसुद्धा नाही. डिझेल पोचत असतं तर न पेटताही थोडा पांढरा धूर आला असता. तुम्हीच सांगितलं होतंत. आजोबांच्या पोटात अन्नच जात नाहीये आणि तुम्ही त्यांना पळवताय!"

वा गं पोरी! दोन महिने मी दुसरं काय सांगत होतो?

"दोन महिन्यांपूर्वी काय बदललं?" तिने विचारलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई म्हणाली, "माझ्या डाळीवर धूर यायचा थांबला. बाकी काही नाही."

मित्रांनो, सगळी गोम तिथेच होती. आमचं अंगण रस्त्याकडे उतरतं. इतकी वर्षं मी नाक रस्त्याकडे, म्हणजे उताराकडे करून उभा राहायचो. धूर स्वयंपाकघरात जायचा, म्हणून आईने तक्रार केली आणि मालक मला उलटा, नाक घराकडे करून लावू लागले.

भोंगाने हात तिरका धरून दाखवला. "म्हणजे इंजिन वर, टाकी खाली. रात्रभरात डिझेल उतरून टाकीत परत जातं. पण नळीत हवा शिरल्याशिवाय ते उतरेल कसं? कुठेतरी भेग आहे!"

मालक माझ्याखाली शिरले. बराच वेळ नुसते त्यांचे पायच दिसत होते. मग आतून ओशाळलेला आवाज आला, "सापडली गं." टाकीजवळच्या रबरी नळीला नखाएवढी भेग होती. दिवसेंदिवस वाढत गेलेली. नाक्यावरच्या दुकानातून वीतभर नवी नळी आली. भोंगाने इंजिनाजवळचा डिझेलचा छोटा हातपंप मारून मारून नळीतली हवा काढली. आधी फेस आला, मग स्वच्छ डिझेल.

किल्ली फिरली आणि मी गरजलो! नेमका तेव्हाच भंगारवाला गेटात माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. सगळा धूर त्याच्या तोंडावर गेला. मी माफी मागणार नाही.

मालकांनी मडगार्डवर हात ठेवला. थाप नाही मारली, नुसता ठेवला. "चुकलंच माझं," ते पुटपुटले. माझा राग थोडा उतरला. सगळा नाही.

मित्रांनो, आम्हाला तोंड नसतं, पण आम्ही गप्पही नसतो. आम्हाला धक्के मारण्याआधी, दोर बांधण्याआधी, भंगारात घालण्याआधी एकदा विचारा, कधीपासून दुखतंय आणि तेव्हा काय बदललं. उत्तर देण्याची जबाबदारी आमची.

भोंगाने काळे हात पँटला पुसले. "आई, बाबा, दोघंही ऐका. दहावी झाली की मी डिझेल मेकॅनिकचं शिक्षण घेणार."

"अगं, आधी आम्हाला विचारशील की नाही?" आई म्हणाली.

"विचारायचं होतं ते ट्रकआजोबांना विचारून झालं. तुम्हाला मी सांगतेय."