जयाच्या नवऱ्याची डबी

मी बोलतोय, पण कान लावलात तरी मी ऐकू यायचा नाही. भिंगाशिवाय मी दिसतसुद्धा नाही. मी एक शुक्राणू. पाथर्डीतल्या एका लॅबमध्ये, काचपट्टीवरच्या थेंबात अखेरचा पोहतोय.

माझा जन्म कानिफनाथच्या अंडकोशात झाला. ही पिशवी शरीराबाहेर असते, कारण अंगातली ऊब आम्हाला घडताना सोसत नाही. मला घडायला अडीच महिने लागले. डोक्यात बापाचा अर्धा वारसा, मागं शेपटी, एवढाच माझा संसार. पोहायला मात्र पुढच्या लांबलचक नळीत शिकलो.

कानिफनाथला दोन मुलं आहेत. त्याचा चुलतभाऊ वैजनाथ बायकोला, जयाला घेऊन ऊसतोडीला जातो. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नाही. जयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मग कुठं डॉक्टरांनी वैजनाथच्या हातात वीर्य तपासायची डबी दिली. आपल्याकडं बाईला आधी दहा दवाखाने दाखवतात, पुरुषाचा नंबर शेवटी लागतो. आणि लागला की त्याला घाम फुटतो.

आज सकाळी तो डबी घेऊन कानिफनाथकडं आला.

"दादा, तुझं दे. माझ्यात खोट निघाली तर गावात तोंड कसं दाखवू?"

"आरं, पर जयाचं काय?"

"तिचं बघू मागनं."

कानिफनाथ भिडेला बळी पडला. मला दोघांचाही संताप आला. आम्ही कोट्यवधी भावंडं डबीत पडलो. वीर्य आधी घट्ट होतं, मग पातळ झालं, त्यातल्या साखरेवर आम्ही तग धरला. आम्ही गारठू नये म्हणून वैजनाथनं डबी बनियनच्या आत धरली आणि जीपनं लॅब गाठली. डबीवर नाव त्याचंच होतं.

लॅबच्या पंकजाताईंनी भिंगातून पाहिलं. "भरपूर आहेत, पळतायत पण छान. काही दोष नाही."

बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सासू रंगुबाई ताडकन उठली. "बघ! माझ्या लेकात खोट न्हाई. हिला आजच जामखेडला माहेरी धाडते आन् दुसरी बघते."

जया रडली नाही. नवऱ्याला म्हणाली, "तुमचं चांगलं हाय ना? बरं झालं. मला लई घोर हुता."

वैजनाथ घाईनं दाराकडं वळला.

थेंब वाळत चाललाय. शेपटी हलत नाही आता. पंकजाताई, दुसरी डबी काढा हो, वैजनाथला इथंच थांबवा, त्याचं स्वतःचं तपासा. जया दारात चप्पल घालतेय. कुणीतरी तिला सांगा, मी तिच्या नवऱ्याचा नाही.