व्हर्नाची शुक्रवारची उडी

व्हर्ना निकलला पोहता येत नव्हतं, आजही येत नाही. बंदरावर जन्म काढलेली बाई, वय त्रेसष्ट, आणि तरी दर शुक्रवारी दुपारी तीनला धक्क्यावरून समुद्रात उडी मारायची. बावीस वर्षं.

आमचा कारखाना कॅनडातल्या लुनेनबर्गच्या धक्क्याला लागूनच आहे. आम्ही नारिंगी रबरी सूट बनवतो. बोटीवरून पडलेला माणूस त्यात तरंगतो, थंडीने मरत नाही. व्हर्ना आमची मुकादम. शुक्रवारी ती डोळे मिटून आठवड्याच्या मालातला एक सूट ओढायची, कॉलरच्या आतला कारागिराचा नंबर मोठ्याने वाचायची, सूट चढवायची आणि पाण्यात जायची. पाच मिनिटांनी वर येऊन चहा मागायची. भाषण नाही, शाबासकी नाही. मी याला आचरटपणा म्हणायचे. पण गोंद लावताना तिची ठेंगणी मूर्ती माझ्या डोळ्यांपुढून हलायची नाही, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरात हॅलिफॅक्सहून नवा मॅनेजर आला, ट्रेव्हर. माणूस वाईट नव्हता, नुसता उत्साही होता. "तुम्हाला प्रेरणा हवी," म्हणाला आणि भिंतीवर फळा टांगला. जो जास्त सूट करील त्याचं नाव सगळ्यांत वर, आणि त्याला हॅलिफॅक्सच्या हॉटेलात दोन रात्री फुकट.

शेजारच्या टेबलावरचा गस हिमेलमन हसला. "मार्लीन, नवऱ्याला नेणार, की त्याच्यापासून सुटका म्हणून एकटीच जाणार?"

"तू तुझं बघ. तुझ्या नावाला तळाशी बुरशी लागलीये."

खरं सांगते, मला ते हॉटेल हवं होतं. अकरा वर्षांत आम्ही दोघं कुठे म्हणून गेलो नव्हतो. शिवणीला गोंदाचे दोन हात द्यायचे आणि मधे वीस मिनिटं थांबायचं, हा आमचा नियम. शेवटच्या आठवड्यात मी तीन सुटांना काखेत एकच हात दिला. नाव वर गेलं. सूट मालात मिसळले आणि कुठले ते तीन, हे मलाही ओळखता येईना.

शुक्रवारी सगळे धक्क्यावर जमलो. नोव्हेंबरचा वारा कान कापत होता. व्हर्नाने सूट ओढला, कॉलर उलटली.

"चौदा."

माझा नंबर. आठवड्याचे माझे सोळा सूट, त्यातले तीन कच्चे. बहुतेक काही होणार नव्हतं. ट्रेव्हर मला शाबास म्हणून अंगठा उंचावत होता. व्हर्नाने एक पाय आत घातला.

"व्हर्ना, थांब!" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "काखेत एकच हात असेल. मी घाई केली. बक्षिसासाठी."

व्हर्नाने पाय बाहेर काढला, बाही उलटी केली आणि दोन्ही अंगठ्यांनी शिवण ताणली. ती वाटाण्याच्या शेंगेसारखी उकलली.

नोकरी गेली, असं मी धरूनच चालले होते. पण व्हर्नाने वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी थांब म्हणालं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी आहे तोवरच हे काम चोख चालायचं. आता मी घरी बसायला मोकळी झाले."

गस आत गेला. मागोमाग एकेक जण. जो तो आपल्या नंबरचे सूट काढून शिवणी ताणून बघू लागला. ट्रेव्हरही बाह्या सारून आला. "कसं बघायचं, मला दाखवा." संध्याकाळपर्यंत आणखी सहा कच्चे सूट निघाले. माझे उरलेले दोन, गसचे दोन आणि दोन इतरांचे.

फळा अजून आहे. त्यावर जेवणाला कोण काय आणणार ते लिहितात.

व्हर्ना नाताळात निवृत्त झाली. पुढच्या शुक्रवारी मी डोळे मिटून सूट ओढला. नंबर नऊ, म्हणजे गस. मलाही पोहता येत नाही. धक्क्याच्या कडेला मी मागे वळून बघितलं.

गस हसला नाही. "जा," म्हणाला. "दोन हात दिलेत."

मी उडी मारली.