अठ्ठेचाळिसावा नांगर

समुद्र माणसाला मौन शिकवतो. हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा लिहिलं, त्याने बायकोबरोबर नांगर टाकलेला नसावा.

साहेबांनी टाकला होता. अकरा महिन्यांत सत्तेचाळीस वेळा. आणि त्या सत्तेचाळीसही वेळा आजूबाजूच्या बोटींवरची मंडळी चहाचे कप घेऊन बाहेर येऊन बसली होती.

साहेब म्हणजे पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. कालव्याच्या या काठावरून त्या काठावरच्या ठेकेदाराला झापण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. खातं सुटलं, आवाज काही सुटला नाही. पत्नीने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, म्हणून ती जगाची ‘बाई’. साहेबही तिला बाईच म्हणत. त्यात आदर किती आणि भीती किती, हे त्यांनी कधी मोजून पाहिलं नव्हतं.

निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, साहेबांनी अकरा मीटर लांबीची शिडाची बोट केली. घराला कुलूप घातलं आणि दोघं बोटीवर राहायला गेली. नातेवाइकांना वाटायचं, हे रोज डेकवर बसून सूर्यास्त बघतात. सूर्यास्ताच्या वेळी साहेब बहुधा इंजिनाच्या खोबणीत उलटे लटकून एक नट शोधत असत.

बोटीवर जी वस्तू हवी ती कायम दुसऱ्या वस्तूच्या खाली असते. मिठाचा डबा हवा असेल तर गादी उचलायची, आणि गादी उचलायची तर आधी तिच्यावर घोरणारा नवरा उचलायचा. नळाला पाणी पायाने पंप मारून येई, त्यामुळे भांडी घासताना बाईंचा डावा पाय शिवणयंत्रावर बसल्यासारखा हलत राही. संडासाच्या पंपाचा दांडा बारा वेळा मारावा लागे. सातावर कंटाळणाऱ्या पाहुण्यांच्या आठवणी साहेबांना पुढे दोन-दोन दिवस हाताने उपसाव्या लागत. कपडे वाळत, पण पूर्ण वाळले असं छातीठोकपणे कुणी म्हणू शकत नसे.

या सगळ्यात दोघं पारंगत झाली होती. बाई तर दीड तांब्यात न्हायच्या, केसांसकट. साहेब हे फोनवर सगळ्यांना सांगत आणि श्रेय निम्मं-निम्मं वाटून घेत.

अडत होतं फक्त नांगरापाशी. नांगर टाकताना साहेब बोटीच्या पुढच्या टोकाला, साखळीपाशी. बाई मागे, सुकाणूच्या चाकापाशी. मध्ये दहा मीटर अंतर, इंजिनाची धडधड आणि वारा. पुढच्याने सांगायचं, मागचीने बोट त्याप्रमाणे हलवायची. पुढच्याचं मागे ऐकू जात नाही, म्हणून पुढचा ओरडतो. मागची “काय?” असं विचारते, तेही ओरडूनच. मग साखळी बाजूला राहते आणि लग्नापासूनचे विषय निघतात.

सत्तेचाळिसाव्या वेळी बाईंनी नेमकं ओरडण्याच्या मध्येच इंजिन बंद केलं. त्या शांततेत साहेबांचं वाक्य सगळ्या खाडीवर पसरलं: “डावं-उजवं कळत नाही, आणि म्हणे तीस वर्षं भूमिती शिकवली.”

पलीकडच्या बोटीवर कुणीतरी हसलं. कप बशीवर ठेवल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कठड्याला चिमट्यांनी कपडे अडकवताना बाई बोलल्या.

“पुढच्या वेळी नांगर टाकताना तुमच्या तोंडून एक शब्द जरी निघाला, तर मी मुलीकडे जाते. राहायला नाही, कायमची. तुम्ही आणि तुमची साखळी सुखाने नांदा.”

“अगदी एक शब्द?”

“एक. ‘शाबास’सुद्धा नको.”

हिरवी बॅग भरून त्यांनी पायऱ्यांशी ठेवली. बॅग भरण्यासाठी पाच गोष्टी उचकटाव्या लागल्या होत्या, म्हणजे धमकी वरवरची नव्हती. साहेब येता-जाता त्या बॅगेला अडखळत राहिले. बाईंशिवाय बोट चालवणं शक्य नव्हतं. बाईंशिवाय आपण आजवर दुसरं काय चालवलं, ते आठवायला ते बसले, आणि बराच वेळ बसून राहिले.

मग त्यांनी कागद काढला आणि खुणा ठरवल्या. मूठ म्हणजे थांब. तळवा मागे ढकलला की मागे. हात ज्या बाजूला, बोट त्या बाजूला. दोन्ही अंगठे वर म्हणजे नांगर बसला. बाईंनी कागद तपासला, एक खूण गाळली, दोन नीट केल्या आणि साहेबांची परीक्षा घेतली. साहेबांना वीसपैकी सोळा पडले. बाईंनी फेरपरीक्षा लावली.

प्रात्यक्षिक किनाऱ्यावरच्या दुकानापुढे, गाड्या लावायच्या मैदानात झालं. साहेब दहा मीटर पुढे चालत हातवारे करत होते. मागून बाई सामानाची ढकलगाडी त्या इशाऱ्यांबरहुकूम डावीकडे, उजवीकडे, मागे नेत होत्या. गाडीत कांदे होते. पाचव्या फेरीला रखवालदार जवळ आला.

“काका, काही हरवलंय का?”

साहेबांनी मूठ वर केली. बाई थांबल्या.

“त्यांना सध्या बोलायची बंदी आहे,” बाई म्हणाल्या. “आम्ही बोट लावतोय.”

रखवालदाराने कांद्यांकडे पाहिलं. “लावा,” तो म्हणाला. “फक्त पांढऱ्या पट्ट्याच्या आत.”

चार दिवसांनी दोघं एका नव्या खाडीत शिरली. दुपारचे तीन वाजले होते. खाडीच्या दोन्ही अंगांना बोटींची दाटी होती आणि मध्ये मात्र ऐसपैस मोकळी जागा. साहेबांनी तिकडे बोट केलं. बाईंनी मान डोलावली. चहाचे कप बाहेर यायला लागले.

एरवी साहेबांची एक नजर साखळीवर आणि दुसरी प्रेक्षकांवर असे. आज त्यांनी तोंड मागे वळवलं ते बाईंकडेच ठेवलं. बाईंनीही डोळे त्यांच्या हातांवरून काढले नाहीत. एकमेकांकडे इतका वेळ सलग पाहायची वेळ त्यांच्यावर पूर्वी बहुधा लग्नाच्या फोटोतच आली होती, आणि तेव्हाही फोटोग्राफरने दटावलं होतं.

हात डावीकडे. बोट डावीकडे. मूठ. बोट थांबली. साखळी खडखडत खाली गेली. तळवा मागे, आणखी मागे. मध्येच वाऱ्याने टोक उजवीकडे भरकटलं तेव्हा साहेबांच्या गळ्याशी ते जुनं वाक्य भूमितीसकट येऊन थांबलं. त्यांनी ते गिळलं. गिळताना मान हलली, बाईंनी तीही खूण समजून चाक किंचित फिरवलं, आणि टोक सरळ झालं.

साखळी ताठ झाली. बोट एकदा दचकली आणि उभी राहिली. दोन्ही अंगठे वर. बाईंनी इंजिन बंद केलं.

खाडीत चिटपाखरूही बोललं नाही. बोटीबोटींवर माणसं उभी होती. कुणाचा कप ओठांपर्यंत गेलेला नव्हता. साहेबांना खात्यातल्या निरोप समारंभात शाल मिळाली होती, तेव्हाही असं काही झालं नव्हतं. ते डेकवरून ताठ चालत मागे आले. बाईंचा चेहरा, शंभरपैकी शंभर देताना व्हायचा तसा झाला होता. असे मार्क त्यांनी तीस वर्षांत दोनदाच दिले होते.

“आता बोललं तर चालेल,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी पुन्हा दोन्ही अंगठे वर केले.

बाई खाली गेल्या. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, मग एकेक खण उघडल्याचा. साडेतीनपर्यंत बॅग रिकामी होऊन गादीखाली, मिठाच्या शेजारी गेली. साहेबांनी चहा टाकला, आपणहून, साखरेऐवजी मीठ न घालता.

चहा ओततानाच एक छोटी होडी बोटीला टेकली. शेजारच्या बोटीवरचे दातांचे डॉक्टर आले होते.

“फार सुंदर,” ते म्हणाले. “एकवीस वर्षं पाण्यावर आहे, असं काम पाहिलं नाही. बायकोला म्हटलं, बघ आणि शीक. ती म्हणाली, तुम्ही शिका.”

“सरावाचा भाग आहे,” साहेब म्हणाले.

“आम्ही आधी सांगणार होतो. पण म्हटलं, यांच्याकडे खास परवानगी असणार. इतक्या शांतपणे कुणी चुकत नाही.”

“कसली परवानगी?” बाईंनी विचारलं.

डॉक्टर काही बोलायच्या आत वळणापलीकडून भोंगा वाजला. लांबलचक.

बाईंनी कप खाली ठेवला आणि त्या चाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. “अहो, पुढे व्हा,” त्या म्हणाल्या. “आणि खुणांनीच.”

पलीकडच्या गावाला जाणारी फेरीबोट दर चाळीस मिनिटांनी त्या मोकळ्या जागेतूनच जाते. तसा पिवळा फलक खाडीच्या तोंडाशी लावलेला आहे, दोन भाषांत.