धुरपदाबाईंना पेठेतून नेलं

पिंपळफाटा व्यापारी मंडळाचा कुठला नियम सगळ्यांनी मनापासून पाळला असेल, तर तो मयताचा. बाकीचे नियम नुसते नावाला. पायरीपुढे माल मांडायचा नाही असं ठरलं, त्याच आठवड्यात अध्यक्षांच्या खताच्या गोण्या डांबरापर्यंत आल्या. सोमवारी पेठ बंद ठेवायची असं ठरलं, तर सोमवारीच मागच्या दारानं जास्त धंदा व्हायला लागला. पण सभासदाच्या घरी कुणी गेलं, की अंत्ययात्रा पेठेतून पुढे जाईस्तोवर शटर खाली ओढायचं आणि मालकानं स्वतः पायरीवर येऊन हात जोडून उभं राहायचं, हा नियम कुणी मोडला नव्हता. नोकराला उभं करूनही भागत नसे. मालकच पाहिजे.

हा नियम सुचवला होता महेंद्र ओव्हाळनं, मंडळाच्या पहिल्याच बैठकीत. शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. रांजणगावला कंपन्या आल्या, तशा शिरूरहून केडगावकडे येणाऱ्या रस्त्यावर या फाट्याला भाड्याच्या खोल्या उठल्या, खोल्यांमागून किराणा, कापड, सिमेंट, फोटो स्टुडिओ असं सगळं आलं. महेंद्रचं पंपाच्या मोटारी भरून द्यायचं दुकान त्यातलंच. दौंडच्या आयटीआयला शिकलेला, हाताला गुण असलेला. जळालेली मोटार घेऊन आलेला शेतकरी त्याच्यापुढे मुकाट्यानं बसून राही, आणि तेव्हा कुणी कुणाची वस्ती विचारत नसे. बौद्धवस्तीतून पेठेत आलेला गाळा तेवढा एकच होता.

मंडळानं त्याला चिटणीस केलं. अध्यक्ष झाले सोपानशेठ, खताच्या दुकानवाले. हार अध्यक्षाला आणि हेलपाटे चिटणिसाला, अशी सरळ वाटणी होती. पेठेला वेगळा ट्रान्सफॉर्मर मिळाला तो महेंद्रच्या हेलपाट्यांनी. एस.टी. फाट्यावर थांबायला लागली तीही त्याच्याच. त्याला याचं वाईट वाटत नव्हतं, उलट ऊर भरून यायचा. आपण पेठ उभी करतोय असं त्याला वाटे, आणि ते खोटंही नव्हतं.

सोपानशेठचे वडील मारुतराव वारले, तेव्हा महेंद्र दुकानादुकानात जाऊन निरोप देऊन आला. पाटसच्या कारखान्याला निघालेले उसाचे ट्रॅक्टर त्यानं फाट्याबाहेर अडवले, ड्रायव्हरांच्या शिव्या खाल्ल्या, पण अंत्ययात्रा जाईपर्यंत पेठेत हॉर्न वाजू दिला नाही. सोपानशेठनं नंतर त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. "तू मला भावावानी हाय," म्हणाले. असं म्हणायला काही खर्च येत नाही, पण महेंद्रनं ते शब्द जपून ठेवले.

घरी त्याची आई धुरपदाबाई हे सगळं कान देऊन ऐकायची. उभा जन्म तिनं याच व्यापाऱ्यांच्या अंगणात कांदे निवडण्यात घालवलेला. पाण्याचा तांब्या तिला वेगळा असायचा, तोही दिवस तिनं पाहिलेला.

"तुह्या एका शब्दावर पेठ बंद व्हती?" ती विचारायची.

"माझ्या न्हाई आई, मंडळाच्या."

"तेच की. मंग मला कॅनॉलनं नगं न्यायला. मला पेठंतनं न्या. समद्यांनी उभं ऱ्हायाला पायजे."

वस्तीतलं मयत आजवर कॅनॉलच्या कडेनं जायचं. पेठेतून नेऊ नका असं कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि नेऊ का म्हणून कुणी विचारलंही नव्हतं. महेंद्रनं आईला शब्द दिला. त्याची बायको ललिता तेव्हा भाकरी थापत होती, ती थापता थापता थांबली.

"कशाला उगं लोकांची परीक्षा बघायची?" ती रात्री म्हणाली.

"परीक्षा कसली? नियम हाय. मी सभासद हाय."

ललितानं दिवा मालवला. तिला पेठेतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवत नसत, हे ती नवऱ्याला कधी सांगत नसे. तो आधीच एवढा खुशीत असायचा.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर थंडीत एका पहाटे धुरपदाबाई गेली. उजाडल्यावर महेंद्रनं सोपानशेठना फोन लावला. ज्याच्या घरी मयत झालं तो स्वतः दुकानोदुकानी निरोप द्यायला जात नाही, म्हणून या वेळी ते काम अध्यक्षांचं होतं.

"शेठ, आई गेली."

"अरारा! कवा रं?"

"पहाटं. दुपारी बारापत्तुर न्यायचं म्हंतोय. पेठंतनं नेणार हाय. तिची इच्छा व्हती."

पलीकडे शेठनी आवाज खाली आणला.

"पेठंतनं?"

"व्हय. आपल्या नियमानं."

"हां, हां. माणूस किती यील?"

"वस्ती समदी यील. केंदूरचं, पाटसचं पाव्हणं हायती."

"म्हंजी लई हुतील."

"व्हय की. तिनं लई जणांचं केलंय."

"बरं, बघतो मी. तू काय काळजी करू नगंस."

फोन ठेवल्यावर महेंद्रचे डोळे भरून आले. ललिताला म्हणाला, "शेठनी माणसं किती ते इचारलं. रस्ता मोकळा कराया लागंल ना." ललितानं त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सासूच्या उशाशी जाऊन बसली. माणसं किती येणार हे मंडळानं आजवर कुठल्याच मयताच्या वेळी विचारलं नव्हतं, हे चिटणिसाला ठाऊक असायला हवं होतं. पण त्या दिवशी तो चिटणीस नव्हता, आई गेलेला मुलगा होता.

पांढऱ्या कपड्यातली माणसं जमली. त्रिशरण पंचशील झालं. महेंद्रचे वडील हौसराव गुडघ्यांनी पार अधू झालेले, तरी काठी टेकत वस्तीच्या कोपऱ्यापर्यंत आले. तिथून पेठेचा सरळ रस्ता दिसतो. त्यांना तिथेच दगडावर बसवलं आणि बाकीचे पुढे निघाले.

पेठेच्या तोंडाशी वळताच पुढची माणसं थबकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी शटरं खाली होती. एक दुकान उघडं नव्हतं. रस्त्यावर हातगाडी नाही, मोटारसायकल नाही, चिटपाखरू नाही. महेंद्रच्या खांद्यावर आईचा भार होता आणि तरी त्याला हलकं वाटलं. बघ आई, असं तो मनातल्या मनात म्हणाला. मागून कुणीतरी हुंदका दिला. हौसराव दगडावरून उठून उभे राहिले असतील, असं त्याला वाटलं.

पहिलं दुकान सोपानशेठचं. महेंद्रनं मान वळवून पाहिलं. पायरी रिकामी होती. शेठ पुढे चौकात उभे असतील, अध्यक्ष आहेत, असं म्हणून तो चालत राहिला. त्यापुढचं किराण्याचं दुकान, तिथंही पायरी रिकामी. फोटो स्टुडिओ रिकामा. सिमेंटवाल्याच्या शटरला दोन्ही बाजूंनी कुलपं लावलेली होती. आतून कुणीतरी खोकलं आणि खोकला लगेच दाबला. वरच्या मजल्यावर एक पडदा हलला.

कापडदुकानापाशी ललिता त्याच्या जवळ आली. दुकानाच्या काचेला गोणपाटं बांधली होती, चांगली सुतळीनं आवळून.

"अहो," ती हळूच म्हणाली, "काचंला पोती कशापायी बांधल्यात?"

महेंद्रनं नजर पुढे रस्त्यावर ठेवली. त्याला उत्तर कळत होतं आणि ते मनापर्यंत येऊ द्यायचं नव्हतं. तो पावलं टाकत राहिला. मागे बौद्धाचार्यांचा शांत आवाज चालू होता, बायका त्यांच्यामागून हळू आवाजात गाथा म्हणत होत्या, आणि दोन्ही बाजूंची बंद दुकानं ते सगळं ऐकत होती.

चौकाच्या टोकाला बिहारी पानवाल्याची टपरी. तो घाईघाईनं फळी लावत होता, आवरायला त्याला उशीर झालेला. फळीवरून त्यानं डोकं वर काढलं आणि महेंद्रला पाहून त्याचे हात थांबले.

"अरे, महेंदर भाई? आप लोग हैं?" तो टपरीतून खाली उतरला. "माताजी गुजर गईं? हमको तो शेठ लोग बोले, बस्ती से दंगा आ रहा है, जल्दी बंद करो."

तो बिचारा आपल्या परीनं खरं तेच बोलला. आजूबाजूच्या चारसहा जणांनी ते ऐकलं. महेंद्रच्या भावकीतला एक तरुण रोहन जागीच थांबला, त्याच्या मुठी वळल्या. कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यात मागच्या महिन्यात अशाच एका वस्तीच्या मोर्चात दगडफेक झाल्याचं पेपरात आलं होतं. त्या दगडांची भीती इथं एका म्हातारीच्या तिरडीला चिकटवली होती.

महेंद्रला त्या क्षणी खरोखर दगड उचलावासा वाटला. पहिला सोपानशेठच्या शटरवर. आयुष्यात पहिल्यांदा त्याला असं वाटलं, आणि तसं वाटायला लावलं याचाच त्याला जास्त संताप आला. पण खांद्यावर आई होती. "चल, रोहन," तो म्हणाला. "आईला घिऊन उभं ऱ्हायचं नसतं."

चौकाच्या पलीकडे पोलिसांची जीप उभी होती. तिच्याशी टेकलेल्या हवालदारानं मयत जवळ येताना पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. त्या सबंध पेठेत धुरपदाबाईसाठी उभा राहिलेला माणूस तो एकटाच, आणि तोही बंदोबस्ताला बोलावलेला.

संध्याकाळी सोपानशेठ आले, दोन व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन. वस्तीत महेंद्रच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. घर शोधायला त्यांना विचारावं लागलं. ओट्यावर घोंगडी टाकली होती, त्यावर ते टेकले.

"लई वाईट झालं," शेठ म्हणाले. "पर पेठ मातर कडकडीत बंद ठिवली बरं का, महेंद्र. एक टपरी उघडी न्हाई ऱ्हाऊ दिली."

"पायरीवर कोण नव्हतं, शेठ."

"जेवणाची येळ व्हती रं. माणसं घरला गेली आसतील."

"काचंला पोती व्हती."

सोपानशेठनं बरोबरच्या दोघांकडे पाहिलं. एकानं खाकरून घसा साफ केला. "तसं न्हाई," शेठ म्हणाले. "आजकाल दिवस कसं हायती, तुला ठावं हाय. तुझ्यावर कुणाचा संशय न्हाई. तू आपलाच हाय. पर एवढा घोळका, त्यात समदीच आपल्या वळखीची नसत्यात. पेठ जपली तर तुझंबी दुकान जपलं ना?"

महेंद्रच्या तोंडाशी सगळं आलं. ट्रॅक्टर अडवलेला दिवस, मारुतरावांची अंत्ययात्रा, मिठी, फोनवर विचारलेली माणसं. आता बोलायचं आणि उद्या चिटणीसपद यांच्या तोंडावर फेकायचं, असं त्यानं ठरवलंही. तो घोंगडीवरून उठला.

तेवढ्यात दारातून हौसराव आले. काठी भिंतीला टेकवून त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि सोपानशेठ उठायच्या आत त्यांच्यापुढे वाकले.

"शेठ, म्या कोपऱ्यावनं समदं बघितलं," म्हातारा म्हणाला. त्या दिवसात पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला होता. "एक दुकान उघडं नव्हतं. माझ्या बायकूनं तुमच्या आंगनात जलमभर कांदं निवडलं, आन् तिच्यासाठी पेठ बंद केली तुमी. एवढा मान आमच्यात कुणाला गावला न्हाई. ती म्हनायचीच, पेठ उभी ऱ्हाईल बगा."

रोहन दाराच्या चौकटीला धरून उभा होता, तो महेंद्रच्या तोंडाकडे बघत होता. ललितानं डोळे पुसायला पदर वर नेला आणि तिथेच धरून ठेवला.

"आसू द्या, आबा," सोपानशेठ म्हणाले. "आपलंच घर हाय."

"आता माझं काय ऱ्हायलंय? आज हाय, उद्या न्हाई." हौसरावांनी शेठचा हात दोन्ही हातांत धरला. "माझ्या येळंलाबी आशीच ठिवा पेठ. आशीच, कडकडीत. मलाबी तिथनंच जायाचंय."

"ठिवू की आबा," सोपानशेठ म्हणाले. "आशीच ठिवू."

हौसरावांनी खुशीनं मुलाकडे पाहिलं. "आईकलंस ना, महेंद्र?"

महेंद्रनं मान हलवली. "व्हय आबा," तो म्हणाला. "आईकलं."